पोहणं : लागू नाही

अर्ध्या शहराला पोहायला शिकवलं मास्तरांनी, पण खुद्द मास्तरांना पाण्यात उतरलेलं पाहिल्याचं त्यातल्या एकालाही आठवत नव्हतं. ते कायम काठावर. पायात रबरी चपला, अंगात गळ्यापर्यंत चेन ओढलेला पूर्ण बाह्यांचा ट्रॅकसूट, तोंडात शिट्टी आणि हातात लांबलचक बांबू. उन्हाने काठाच्या फरशा पाय भाजतील इतक्या तापल्या, तलावातलं पाणीसुद्धा कोमट झालं, तरी मास्तरांची चेन इंचभर खाली यायची नाही. नवशिक्याच्या नाकातोंडात पाणी जायला लागलं की बांबूचं टोक बरोबर त्याच्या हाताशी यायचं आणि वरून आवाज यायचा, "तक्रार नको, पाय मार. तक्रार करायला तोंड उघडलंस की पाणी आत."

आता एवढा पट्टीचा पोहणारा पाण्यात का उतरत नाही, हा प्रश्न लोकांना पडणारच. मास्तरांनी त्याची चोख व्यवस्था लावून ठेवली होती. सकाळच्या बॅचला सांगितलेलं होतं की तरुणपणी एका स्पर्धेत कानात पाणी गेलं, ते अजून बाहेर आलेलं नाही, आणि डॉक्टरांनी बजावलंय की आता एक थेंब जरी वाढला तरी डोकं ओसंडून वाहील. दुपारच्या बायकांच्या बॅचला सांगितलं होतं की गुरूंनी अखेरच्या घटकेला वचन घेतलं. संध्याकाळी येणाऱ्या नोकरदारांसाठी खाडी होती. ती पोहून ओलांडताना मधोमध पायाला गोळा आला आणि मास्तरांनी शपथ घेतली, जिवंत किनाऱ्याला लागलो तर पुन्हा पाण्याचं तोंड बघणार नाही. एकदा सकाळचा एक आणि संध्याकाळचा एक असे दोघे चहाच्या टपरीवर एकमेकांना भेटले आणि कानवाला की खाडीवाला यावरून त्यांची चांगलीच जुंपली. निवाड्यासाठी मास्तरांकडे आले. मास्तर शांतपणे म्हणाले, "खाडीतच तर कानात पाणी गेलं." दोघे समाधानाने परतले.

खरी गोष्ट चेनच्या आत होती. मास्तरांना सोरायसिस होता. कोपरं, गुडघे, पाठ, पोटऱ्या, सगळीकडे लालभडक चट्टे आणि त्यांवर चंदेरी खपल्या. हा रोग एकाचा दुसऱ्याला होत नाही, पाण्यातून तर नाहीच नाही. पण प्रत्येकाला हे समजावत बसण्यापेक्षा चेन ओढून घेणं सोपं. मास्तरांनी सोपं ते केलं, आणि इतक्या सफाईने केलं की आपण काही करतोय हेही ते हळूहळू विसरले.

घरात मात्र बाई होत्या, आणि बाई काही विसरणाऱ्यातल्या नव्हत्या. बाई म्हणजे मास्तरांची बायको. मागच्या खोलीत त्या शाळकरी मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या, म्हणून अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणायची आणि चेष्टेत मास्तरही. सकाळी कुणी उठायच्या आत चादर गॅलरीत नेऊन झटकणं, अंथरुणाखालचा कोंडा झाडून घेणं, मलमाचे डाग पडलेले कपडे वेगळे भिजवणं, हे सगळं बाई तोंडातून अक्षर न काढता करायच्या. तोंड त्या इतर कामांसाठी राखून ठेवत.

त्या वर्षी चट्टे मनगटावरून पुढे सरकले आणि हाताच्या पंजांवर आले. पंजांना चेन लावता येईना. मास्तरांनी हातमोज्यांचा विचार बोलून दाखवला. बाई म्हणाल्या, "पोहण्याच्या तलावावर हातमोजे? मग डोक्यावर छत्रीही घ्या." आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना सरळ इस्पितळात घेऊन गेल्या.

त्वचेचे डॉक्टर तरुण होते, पण माणूस नीट ऐकून घेणारा. त्यांनी मास्तरांना पालथं-उताणं करून पाहिलं, कागदावर माणसाची आकृती होती तिच्यावर जागोजागी रेघा मारल्या आणि म्हणाले, "मलमं झाली, गोळ्या झाल्या. आता एक इंजेक्शन आहे. त्याने बहुतेकांना छान फरक पडतो. महाग आहे, पण आमच्या निधीतून मिळू शकतं. अंगावर किती पसरलंय ते मी मोजलं. मनावर किती पसरलंय ते शेजारच्या खोलीत मोजतात. दोन्ही आकडे वर निधीवाल्यांकडे जातात, मग मंजुरी."

"मनावर?" मास्तरांनी विचारलं. "तिथे काही नाही. मन स्वच्छ आहे."

शेजारच्या खोलीत एक मानसतज्ज्ञ बसल्या होत्या. वय तिशीच्या आतलं, टेबलावर कागद, पेन आणि पाण्याची बाटली. मास्तरांनी आत पाऊल टाकतानाच त्यांचं बारसं करून टाकलं, मापवाल्या ताई. तेच नाव पुढे घरात रूढ झालं.

"काका, मी प्रश्न विचारते. गेल्या आठवड्यापुरतं सांगायचं. अजिबात नाही, थोडं, बरंच की खूप. आणि तुमच्या आयुष्यात ती गोष्टच नसेल तर 'लागू नाही' म्हणा," ताई म्हणाल्या.

"विचारा."

"त्वचेमुळे कपडे निवडताना अडचण आली?"

"अजिबात नाही. निवडायचा प्रश्नच नाही. पाच ट्रॅकसूट, पाचही सारखे."

"लोकांमध्ये जाणं टाळलंत?"

"नाही. लोकच येतात माझ्याकडे. फी भरून येतात."

"कुणी रोखून पाहिल्यामुळे वाईट वाटलं?"

"पाहायला काही ठेवलेलंच नाही उघडं."

"खेळ, पोहणं, व्यायाम यांत अडथळा आला?"

"पोहणं," मास्तर म्हणाले, "लागू नाही."

ताईंचं पेन थांबलं. त्यांनी कागदाच्या माथ्यावर नजर टाकली. "काका, इथे व्यवसाय म्हणून पोहण्याचे प्रशिक्षक असं लिहिलंय."

"बरोबर लिहिलंय."

"आणि पोहणं लागू नाही?"

"आचारी स्वतःच्याच पंगतीत जेवायला बसतो का ताई? तसं."

ताईंनी बेरीज केली. आकडा शून्यापासून हाकेच्या अंतरावर होता. "या हिशेबाने काका, तुम्ही माझ्यापेक्षा सुखी आहात," त्या म्हणाल्या. मास्तर बाहेर आले ते पहिला नंबर काढून आल्यासारखे. बाकावर बसलेल्या बाईंना म्हणाले, "पास. मनात काही सापडलं नाही."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, इथे जास्त आकडा आला तर पास. तुम्ही नापास होऊन आलात. आता ते इंजेक्शन जाईल दुसऱ्या कुणाला."

"जाऊ दे की. त्याला जास्त गरज असेल."

"आणि मला?" बाई म्हणाल्या. पण तेवढ्यात रिक्षा आली आणि तो विषय रस्त्यातच राहिला.

बाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. मास्तरांना एक महिन्याने पुन्हा बोलावलं होतं. तेवढ्या वेळात बाईंनी त्यांची शिकवणी घेतली. मागच्या खोलीतली मुलं गेली की मास्तर त्याच सतरंजीवर मांडी घालून बसत आणि समोर बाई.

"झोप नीट लागते का?"

"लागते."

"चूक. खाजेने जाग येते की नाही?"

"येते. पण मग पुन्हा लागते."

"पुढचं कशाला सांगायचं? विचारलं तेवढंच सांगायचं. चिडचिड होते का?"

"आत्ता होतेय."

"हे छान. असंच सांगा. रडू येतं का?"

"नाही बुवा."

"येतं म्हणा. आणि म्हणताना माझ्याकडे बघून हसू नका."

मास्तर आज्ञाधारक विद्यार्थी निघाले, आणि खरी गफलत इथेच झाली. जन्मभर त्यांनी लोकांना एकच शिकवलं होतं की उडी मारायची तर पूर्ण मारा, अर्धवट मारली की पोटावर आपटता. दुसऱ्या खेपेला त्यांनी पूर्ण उडी मारली. बाई शेजारच्या खुर्चीवर पदर सावरून बसल्या होत्या.

"कपड्यांची अडचण?"

"खूप."

"घरकामात, बाजारहाटात?"

"खूप."

बाईंच्या भुवया किंचित वर गेल्या. हा माणूस बाजारात शेवटचा कधी गेला होता ते त्यांना आठवेना.

"शिक्षणात अडथळा?"

"खूप."

"तुम्ही सध्या काही शिकताय काका?"

"हिच्याकडे," मास्तर म्हणाले. "फार कडक आहे."

ताईंनी ओठ दाबून पुढचा प्रश्न घेतला. "नवराबायकोच्या जवळिकीत त्वचेमुळे अडचण?"

"खूप," मास्तर हुंदका गिळल्यासारखं करून म्हणाले. "सगळं बंदच पडलंय म्हणा ना."

"काय?" बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "अहो, काहीतरीच काय सांगता. ताई, असं काही नाहीये हो. उलट..." आणि मग आपण काय बोलतोय हे लक्षात येऊन बाईंनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मास्तर अगदी समाधानाने छताकडे पाहत होते.

ताईंनी पेन खाली ठेवलं आणि मनमुराद हसून घेतलं. मग म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्ही संत होतात, आज हुतात्मा होऊन आलात. मला मधला माणूस पाहिजे. यातला एकही आकडा मी वर पाठवू शकत नाही."

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग आधी तुमचं माप घेते. घरातल्या माणसासाठी वेगळे प्रश्न असतात. काका, तुम्ही बसा इथेच, पण तोंडात शिट्टी असल्यासारखे गप्प बसा."

बाईंना ही परीक्षा अगदीच किरकोळ वाटली. त्यांनी पदर खोचला, प्रश्नाला किती गुण आहेत ते बघून तेवढंच उत्तर द्यायचं असं मनाशी ठरवलं आणि सुरुवातही झोकात केली. घरातलं काम वाढलं का? वाढलं. खर्च वाढला का? वाढला. लोक काय म्हणतील याची काळजी वाटते? "लोकांना मी घाबरत नाही. पण कुणी आलं तर आधी खुर्ची झटकते, ही सवय लागलीय."

"तुमच्या स्वतःच्या आवडीनिवडीवर परिणाम झाला? काही सोडून द्यावं लागलं?"

बाई म्हणाल्या, "नाही." टेबलावरची पाण्याची बाटली त्यांनी उगाच सरळ केली.

"मला पोहायला शिकायचं होतं," त्या म्हणाल्या. "लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, तुझं काय बाई, मास्तरच मिळाला घरचा. मीही तेच धरून चालले होते. पहिल्याच वर्षी यांना म्हटलं, मला शिकवा. मला पाण्याची भीती वाटते, काठावरून बांबू दाखवून मला जमणार नाही, तुम्ही पाण्यात या आणि मला धरा. हे म्हणाले, अंग जरा साफ होऊ दे. मग अंग काही साफ झालं नाही. मी दरवर्षी विचारायचे. मग दोन वर्षांनी एकदा. मग सोडून दिलं. शहरातल्या बायका दुपारी तलावावर जाताना दिसतात. माझ्याच नवऱ्याने शिकवलेल्या. हसत हसत येतात ओल्या केसांनी. मला राग येतो त्यांचा, उगाचच. त्यांचं काय चुकलंय?"

हे सगळं बाई शिकवतानाच्या आवाजात, न अडखळता म्हणाल्या, म्हणून ऐकायला जास्त जड गेलं. मास्तरांनी छताकडे पाहणं केव्हाच सोडलं होतं.

ताईंनी बेरीज केली. पुन्हा केली. "गंमतच आहे," त्या म्हणाल्या. "रोग काकांच्या अंगावर आणि आकडा बाईंच्या. इंजेक्शन कुणाला टोचू मी?"

"मला टोचा," बाई म्हणाल्या. "यांना सुई बघून चक्कर येते."

"नियमात बसत नाही. आकडा पेशंटचाच लागतो." ताईंनी कागद बाजूला सारला. "काका, आता कागद नाही, पेन नाही. पाण्यात शेवटचे कधी उतरला होतात?"

मास्तरांनी घसा साफ केला. "त्याचं असं झालं, एका स्पर्धेत कानात..."

"ती सकाळची बॅच," बाई म्हणाल्या.

मास्तर थांबले. दुसरी गोष्ट तोंडाशी आली, तीही त्यांनी गिळली. हाताच्या पंजावरची एक खपली नखाने कुरतडायला लागले, तर बाईंनी सवयीने त्यांच्या हातावर चापट मारली.

"उतरायचो की मी," मास्तर म्हणाले. "नोकरीला लागलो तेव्हा पाण्यातच असायचो दिवसभर. चट्टे तेव्हा फक्त पाठीवर होते. जुने व्यवस्थापक होते ना, भला माणूस. एक दिवस बोलावून म्हणाले, मास्तर, चार सभासदांची कुरबूर आहे, पाण्याबद्दल. मला कळतं हो, तसं काही नसतं. पण थोडे दिवस काठावरून शिकवा. मी म्हटलं, बरं. त्यांनीच बांबू आणून दिला."

"मग?"

"मग काय. ते थोडे दिवस संपले असं कुणी येऊन सांगितलं नाही. मीही विचारायला गेलो नाही. व्यवस्थापक निवृत्त झाले, ते सभासदही गेले कुठे कुठे. आता तलावावर हे ठाऊक असलेला माणूसच उरलेला नाही. उद्या उतरलो तर अडवणारं कुणी नाही. पण उतरायला गेलं की पाठ आकसते. कुणीतरी बघतंय, असं वाटतं. मग मी चेन वर ओढतो आणि कुणाला तरी खाडीची गोष्ट सांगतो."

बाईंना हे ठाऊकच नव्हतं. त्यांना आजवर एवढंच माहीत होतं की नवऱ्याला अंग दाखवायची लाज वाटते, हट्टी आहे, ऐकत नाही. काठावरून शिकवणं हा त्यांना त्याचाच हट्ट वाटत आला होता.

"मला म्हणाला होतात, काठावरून सगळ्यांवर नजर राहते," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"राहतेच की."

"इतकी वर्षं मी तुमच्यावर रुसत आले. भांडले, टोमणे मारले. भांडायचं नक्की कुणाशी होतं, ते तरी सांगायचंत."

"सांगितलं असतं तर तू त्यांना सोडलं नसतंस."

"नसतंच सोडलं."

"म्हणूनच." मास्तरांनी नाक पुसलं. "मला तुझ्यासमोर लाज वाटली. पोहणारा म्हणून पसंत केलं होतंस मला. त्यांनी पाण्यातून बाहेर काढलं हे कोणत्या तोंडाने सांगू? मी स्वतःच निघालो म्हटलं की जरा बरं वाटायचं."

बाईंनी पर्स उघडली, रुमाल काढला, मास्तरांपुढे धरला आणि मग तो परत घेऊन आधी स्वतःचेच डोळे पुसले. मग दिला.

ताईंनी कागद पुन्हा पुढे ओढला. या वेळी कुणी शिकवलेलं नव्हतं आणि कुणी उडी मारत नव्हतं. काही उत्तरं थोडं होती, काही बरंच. झोपेच्या प्रश्नाला मास्तर म्हणाले, "खाजेने जाग येते, पण हिला उठवायला नको म्हणून पडून राहतो." बाई म्हणाल्या, "मी जागीच असते." पोहण्याच्या प्रश्नावर ताई थांबून राहिल्या. मास्तर म्हणाले, "खूप." आकडा मंजुरीपुरता झाला. फार वर नाही, पण खरा.

मंजुरी आली, पण इंजेक्शन यायला वेळ होता. ते पुढच्या साठ्यात येणार होतं. मास्तर म्हणाले, ठीक आहे, एकदा का अंग साफ झालं की मग... बाईंनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "ही तारीख मला लग्नाच्या वर्षीही दिली होती," त्या म्हणाल्या आणि पोहण्याचा पोशाख विकत घेऊन आल्या. काळा, गुडघ्यापर्यंतचा. दुकानदाराने नातीसाठी हवाय का विचारलं, तर त्यालाही त्यांनी धड सोडलं नाही.

इंजेक्शनाच्या दिवशी दोघं पुन्हा ताईंच्या खोलीत आले. सुई टोचायच्या आधी एकदा माप घ्यायचं असतं. ताईंनी विचारलं, मास्तरांनी सांगितलं, बेरीज झाली आणि ताई बुचकळ्यात पडल्या.

"काका, मागच्यापेक्षा आकडा वाढलाय. अजून औषध सुरूही नाही. काय झालं? त्रास वाढला?"

"वाढणारच," मास्तर म्हणाले. "हल्ली मी उतरतो ना पाण्यात."

मग मास्तरांनी सगळं सांगितलं. संध्याकाळची वेळ, भरलेला तलाव. चेन खाली आली तेव्हा नोकरदार बॅच पाय मारायची थांबली. कानाचं काय झालं, शपथेचं काय झालं, कुणी विचारलं नाही. सगळे पाठीकडे बघत होते आणि मास्तरांना कळत होतं की बघताहेत. क्लोरीनने चट्टे चुरचुरले. एक गृहस्थ मुकाट्याने बाहेर जाऊन अंग पुसायला लागले. पहिल्या दिवशी मास्तरांना परत फिरावंसं वाटलं, दुसऱ्या दिवशीही वाटलं. "आधी हे काही नव्हतं," मास्तर म्हणाले. "आधी मी मजेत होतो. काठावर."

"आणि पोहणं?"

"पोहणं कसलं? ही गळ्याला मिठी मारून बसते. पाय मारत नाही, श्वास सोडत नाही, नुसती भांडते. इतकी ढ विद्यार्थिनी मी जन्मात पाहिली नाही."

"सोडता मध्येच," बाई म्हणाल्या. "सोडू नका म्हटलं तरी सोडता."

ताईंना पुढे विचारायचंच होतं. "कुणी थेट काही बोललं का?"

ते बाईंनीच सांगितलं. काठावर एक महिला आल्या होत्या, चांगल्या घरच्या, आवाजही गोड. त्यांनी वाकून विचारलं, यांच्या अंगावर हे जे काय आहे, ते पाण्यातून दुसऱ्याला तर होणार नाही ना? मास्तरांचा हात बाईंच्या कमरेखालून सैल झाला. बाईंना ते कळलं. त्या तशाच, गळ्याला मिठी मारलेल्या, नाकात गेलेलं पाणी शिंकरून मोठ्याने म्हणाल्या, "अहो, मी लग्न झाल्यापासून या अंगाला चिकटून आहे, मला काही झालं नाही. झालं असेल तर एवढंच, की अजून पोहता येत नाही."